विश्लेषण : वर्ध्यातील ‘मगनवाडी’ कोणाच्या नावाने? मगनलाल गांधी आणि त्यांचा अपुरा राहिलेला चरखा

वर्धा शहरात मगनवाडी ठाऊक नाही असा माणूस विरळा. मगन संग्रहालयात शाळेच्या सहली येतात, खादी घ्यायला लांबून गिऱ्हाईक येते. मात्र ज्यांचे नाव या जागेला आहे ते मगनलाल गांधी ही वाडी वसण्याआधी सहा वर्षे जग सोडून गेले होते. मग वर्ध्याने त्यांचे नाव का घेतले? खादीच्या तंत्रात त्यांनी नेमके काय केले आणि काय करायचे राहून गेले?

मगनलाल गांधी कोण होते?

मगनलाल हे महात्मा गांधींच्या चुलत भावाचे, खुशालचंद यांचे चिरंजीव. जन्म १८८३ चा. थोरले बंधू छगनलाल हेही पुढे गांधीजींचे सहकारी झाले. १९०३ मध्ये मगनलाल दक्षिण आफ्रिकेत गेले ते चार पैसे कमवायला. तिथे त्यांनी दुकानदारी सुरू केली. ती जेमतेम वर्षभर चालली असेल, तोच १९०४ मध्ये डर्बनजवळ फिनिक्स वसाहत उभी राहिली आणि मगनलाल दुकान सोडून तिथे दाखल झाले. शेतीपासून छापखान्यापर्यंतची कामे ते तिथेच शिकले.

‘सत्याग्रह’ या शब्दाशीही त्यांचा संबंध आहे. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला भारतीय नाव हवे म्हणून ‘इंडियन ओपिनियन’ने वाचकांकडून सूचना मागवल्या. मगनलाल यांनी ‘सदाग्रह’ हा शब्द सुचवला. गांधीजींनी त्यात थोडा बदल करून ‘सत्याग्रह’ केले.

विणकामाकडे ते कसे वळले?

भारतात परतल्यावर १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम सुरू झाला आणि १९१७ मध्ये तो साबरमतीच्या काठी गेला. आश्रमाचा रोजचा कारभार मगनलाल यांच्याकडे होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाला आश्रमात घेतल्यावर देणग्या आटल्या, तेव्हा पुढच्या महिन्याचे पैसे शिल्लक नसल्याचे गांधीजींना सांगण्याची वेळ त्यांच्यावरच आली. त्यानंतर एका शेठजींनी १३ हजार रुपये दिले आणि आश्रम तगला.

आपले कापड आपण विणायचे, असे आश्रमाने ठरवले. पण विणणे कुणालाच येत नव्हते. पालनपूरहून एक जाणकार आणला गेला, तो सगळी कला उघड करून सांगेना. मगनलाल यांना यंत्राची उपजत समज होती. त्यांनी हातमागाची एकेक क्रिया समजून घेतली, हात बसवला आणि मग इतरांना शिकवले.

विणता येऊ लागले, तरी सूत गिरणीचेच होते. म्हणजे आश्रम गिरण्यांचा बिनपगारी दलाल ठरत होता. सूतही हाताने कातायचे तर चरखा हवा आणि चरखा तर घराघरांतून अडगळीत गेलेला. गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातील विजापूर येथे तो शोधून काढला. आश्रमात आलेल्या या चरख्यात मगनलाल यांनी सुधारणा सुरू केल्या. चरखे आणि त्यांचे सुटे भाग आश्रमातच बनू लागले.

चरख्यात सुधारण्यासारखे काय होते?

कापसाचे कापड होईपर्यंत अनेक टप्पे असतात. आधी सरकी काढायची, रुई पिंजायची, तिचे पेळू करायचे, पेळूतून सूत कातायचे, मग ताणा लावून, पांजणी करून विणायचे. यातला एक टप्पा बिघडला की पुढचे सगळे बिघडते. पिंजण नीट नसेल तर पेळू गुठळ्यांचा होतो, सूत कुठे जाड कुठे बारीक निघते आणि मागावर ते तुटत राहते. विणकर हातसुताला नाखूश असत ते यामुळेच.

चरख्याचे मोठे चाक एकदा फिरले की माळेने जोडलेली चाती कित्येक वेढे घेते आणि धाग्याला पीळ बसतो. पण माळ सैल असेल तर घसरते, चाती किंचित वाकडी असेल तर धागा थरथरतो. शिवाय एक हात चाकावर आणि एक पेळूवर, म्हणजे एका वेळी एकच धागा. पीळ देऊन झाला की थांबून तो चातीवर गुंडाळायचा. कातणारीची मजुरी या थांबण्यावर अडते. दिवसभर राबून हातात किती आणे पडणार, हा प्रश्न चाती, माळ आणि पेळू यांच्याशी असा थेट जोडलेला होता.

म्हणूनच मगनलाल यांनी मोजमापावर भर दिला. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाल्यावर तांत्रिक बाजू त्यांनी सांभाळली. सुताची लांबी, वजन, अंक, मजबुती यांचा हिशेब ठेवण्याची शिस्त या काळात खादीच्या कामात आली. ६४० तारांची एक गुंडी आणि चार फुटांचा एक तार, हे माप खादी कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडले. विणकामावर त्यांनी गुजरातीत ‘वणाटशास्त्र’ हे पुस्तक लिहिले.

काम अपुरे कसे राहिले?

मगनलाल यांची मुलगी राधा बिहारमध्ये पडदा पद्धतीविरोधात काम करत होती. १९२८ मध्ये मगनलाल बिहारला गेले, तिथे आजारी पडले आणि २३ एप्रिलला पाटण्यात त्यांचे निधन झाले. वय ४५ च्या आतबाहेर. आश्रमाचा वारस म्हणून गांधीजी त्यांच्याकडे पाहत होते. मगनलाल यांच्या पत्नी संतोकबेन यांच्यापेक्षाही आपणच अधिक पोरके झालो, अशा आशयाचा लेख गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिला.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा होत्या : यंत्र हलके, खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारे हवे, बाईमाणसाला फार न थकता आठ तास चालवता यावे, तेवढ्या वेळात १२ ते २० अंकाचे १६ हजार फूट सूत निघावे आणि किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. किर्लोस्करांनी बनवलेले यंत्रही स्पर्धेत आले, पण अटींना पूर्ण उतरले नाही. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. वेग वाढवला की सुटे भाग आणि खर्च वाढतो, गावच्या सुताराला दुरुस्ती जमत नाही. स्वस्त आणि सोपे ठेवले की वेग मिळत नाही. अडचण ही होती.

वर्ध्याशी नाते कसे जुळले?

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठी जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग आणि बंगला दिला. या जागेचे नाव मगनलाल यांच्या स्मरणार्थ मगनवाडी ठेवले गेले. जे. सी. कुमारप्पा यांनी इथून तेलघाणी, हातकागद, गूळ अशा उद्योगांचे प्रयोग चालवले. गांधीजीही १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत इथे राहिले. ३० डिसेंबर १९३८ रोजी त्यांच्याच हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले.

निवड अर्थपूर्ण होती. वर्धा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या कापसाला इंग्रजांच्या काळात बाजारात स्वतःचे नाव होते. पण गाठी रेल्वेने बाहेर जात आणि कापड होऊन परत येत. पिकवणाऱ्याच्या घरातच सूत निघावे, हा मगनलाल यांचा खटाटोप इथल्या शेतकऱ्याला सर्वाधिक लागू होता.

पुढे काय झाले?

छगनलाल यांचे चिरंजीव प्रभुदास गांधी यांनी पायाने चालणारा, दोन चात्यांचा चरखा तयार केला. दोन्ही हात मोकळे राहिल्याने एका वेळी दोन धागे निघत. काकांच्या नावावरून तो ‘मगन चरखा’ म्हणून ओळखला गेला. स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूतील एकांबरनाथ यांचा अनेक चात्यांचा ‘अंबर चरखा’ आला आणि खादी उत्पादनात स्थिरावला.

मगन संग्रहालयात आज चरख्यांचे निरनिराळे प्रकार पाहता येतात. संस्थेकडून सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादीही तयार होते. मगनलाल यांच्यापुढचा प्रश्न मात्र कायम आहे. कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळावी आणि कापड घेणाऱ्यालाही परवडावे, हा हिशेब खादीला अजून पुरता जमलेला नाही.