घर गहाण ठेवणारे प्राचार्य आणि ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव



15 जानेवारीला आपण राज्य क्रीडा दिन साजरा करतो. फलकावर सुविचार लिहिला जातो, फोटोला हार घातला जातो, दोन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात आणि कार्यक्रम संपतो. तो फोटो असतो खाशाबा जाधवांचा. मागे एकदा असाच कार्यक्रम झाल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं, की बाई, त्यांना पदक मिळालं हे कळलं, पण ते एवढ्या लांब गेले कसे? पैसे कोणी दिले?

या मुलाचे वडील रेवदंड्याच्या खाडीतून होडी घेऊन मासेमारीला जातात. डिझेल केवढ्याचं, बर्फ केवढ्याचा, हा हिशोब त्याच्या घरात रोज चालतो. म्हणून त्याला आधी पैशाचा प्रश्न पडला. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर येत नव्हतं. मी त्याला उद्या सांगते म्हटलं आणि घरी जाऊन वाचायला बसले. जे वाचलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण त्यात आपल्या पेशातला एक माणूस आहे.

गोळेश्वरचं घर

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यात, गोळेश्वर या गावी झाला. घर शेतकऱ्याचं. पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यामुळे बाकीची पोरं अंगणात गोट्या खेळायची त्या वयात खाशाबांना वडिलांनी मातीत उतरवलं. वयाच्या पाचव्या वर्षापासून त्यांची कुस्ती सुरू झाली.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. खाशाबा शाळा सोडून पैलवान झाले नाहीत. ते शिकत राहिले आणि खेळत राहिले. 1942 च्या चले जाव चळवळीच्या काळात ते शाळकरी वयाचे होते आणि त्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला.

कोल्हापूरची तालीम

पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला जो आश्रय दिला, त्यातून गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या होत्या. पहाटे उठायचं, जोर-बैठका मारायच्या, हौद्यातली लाल माती खोऱ्याने उकरायची आणि मग वस्तादांच्या नजरेखाली लढत करायची, असा तिथला दिनक्रम. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले.

अंगाने ते काही धिप्पाड नव्हते. आपल्या डोळ्यांसमोर पैलवान म्हटलं की भलं मोठं शरीर येतं. टीव्हीवर जपानचे सुमो पैलवान बघितलेली मुलं तर हमखास विचारतात, की खाशाबा तेवढे जाड होते का? तेव्हा त्यांना फरक सांगावा. सुमोत वजनाचे गट नसतात. मातीच्या गोल रिंगणात मीठ टाकून पैलवान उतरतात आणि जो रिंगणाबाहेर गेला किंवा ज्याच्या तळपायाशिवाय अंगाचा दुसरा भाग जमिनीला लागला तो हरला. ऑलिम्पिकच्या कुस्तीत मात्र वजनाप्रमाणे गट असतात. खाशाबा हलक्या गटात खेळायचे. त्यांची ताकद होती चपळाईत आणि डावात. समोरच्याची मान आणि हात पकडून त्याला फेकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

लंडन 1948 : माती सोडून मॅटवर

1948 साली लंडनला ऑलिम्पिक होतं. कोल्हापूरच्या महाराजांनी जाण्याचा खर्च उचलला आणि 22 वर्षांचे खाशाबा लंडनला पोहोचले. तिथे त्यांच्यासमोर नवीनच अडचण उभी राहिली. कुस्ती मातीत नव्हती, मॅटवर होती.

यात एवढं काय, असं वाटेल. पण बघा, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पळणाऱ्या मुलाला एकदम शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर पळायला लावा. पाय वेगळे पडतात, तोल वेगळा सांभाळावा लागतो. शिवाय मातीतली कुस्ती समोरच्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत, म्हणजे चीतपट होईपर्यंत चालायची. मॅटवर वेळ ठरलेली आणि गुण मोजले जाणार. लहानपणापासून जे शिकलं त्यातलं बरंचसं बदलायचं होतं आणि तेही ऐन स्पर्धेत.

तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मार्गदर्शन केलं. खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं, इराणच्या मल्लाकडून हरले आणि फ्लायवेट गटात सहाव्या क्रमांकावर राहिले. पहिल्यांदा मॅटवर उतरलेल्या माणसासाठी सहावा क्रमांक काही कमी नाही. पण खाशाबा परत आले ते समाधान मानून नाही. पुढची चार वर्षं त्यांनी सराव वाढवला, वजनाचा गट बदलला आणि बॅंटमवेटमध्ये, म्हणजे 57 किलोच्या गटात तयारी केली.

सात हजार रुपये

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर.

1952 चं ऑलिम्पिक फिनलंड देशात हेलसिंकीला होतं. आधी निवडीतच अडचण आली. चाचणीत निरंजन दास यांच्याविरुद्ध ते एका गुणाने मागे पडल्याचा निकाल लागला. खाशाबांना तो मान्य नव्हता. ते गप्प बसले नाहीत, पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि या वेळी त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ चीतपट केलं. निकालावर बोलायला जागाच ठेवली नाही.

निवड झाली, पण जायचं कशाने? 1948 ला मदत करणारं कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये विलीन झालं होतं. सरकारी मदत वेळेवर हाती आली नाही. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. खाशाबा दारोदार फिरले. तरी रक्कम पुरेना.

तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर बॅंकेकडे गहाण ठेवलं आणि 7,000 रुपये उभे करून आपल्या माजी विद्यार्थ्याच्या हातात दिले.

हे वाचताना मी थांबले. तुम्हीही क्षणभर थांबा. खाशाबा जिंकतील याची खात्री कोणालाच नव्हती. त्याआधी स्वतंत्र भारताच्या एकाही खेळाडूने एकट्याने ऑलिम्पिक पदक मिळवलं नव्हतं. म्हणजे खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं ते पदकासाठी नव्हे, पोराला तिथपर्यंत जाता यावं एवढ्यासाठी. जगाच्या मॅटवर त्याला एक संधी मिळावी, पुढचं तो बघेल, एवढाच त्या माणसाचा विश्वास.

हेलसिंकी, जुलै 1952

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चीतपट केलं. जर्मनीच्या मल्लाला गुणांवर हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. इशी मूळचे जुदो खेळणारे, नंतर कुस्तीकडे वळलेले. खाशाबांसारखंच त्यांनीही एक विद्या सोडून दुसरी शिकली होती. ही लढत खूप वेळ चालली आणि खाशाबा थोडक्यात हरले.

दमलेल्या खाशाबांना लगेच पुढच्या लढतीला बोलावण्यात आलं. समोर सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेयोव. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशींना सुवर्ण, मामेदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. इशींचं ते सुवर्ण जपानला त्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं एकमेव सुवर्णपदक होतं, यावरून स्पर्धा केवढी तगडी होती ते कळतं.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडचेच केशव माणगावे यांचा त्यांच्या गटात चौथा क्रमांक आला, हेही मुलांना सांगावं. चौथा आलेल्याचं नाव आपण सहसा घेत नाही.

बैलगाड्या आणि एक फिटलेलं कर्ज

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनवर त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. ढोल-लेझीम, गुलाल, तुफान गर्दी. थोड्या वेळाचं अंतर कापायला मिरवणुकीला कितीतरी तास लागले. दिल्लीत बसलेल्यांना या पदकाचं मोल कळलं असेल-नसेल, पण कराडच्या शेतकऱ्याला कळलं होतं. त्याने आपला बैल धुऊन, शिंगं रंगवून गाडीला जुंपला होता.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. मला या चरित्रातला सगळ्यांत मोठा प्रसंग हाच वाटतो.

पोलीस खात्यातली वर्षं

1955 मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्यातल्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, तरुणांना शिकवलं. पण बढती फार वर्षं मिळाली नाही. अगदी शेवटी सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना खेटे घालावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. वय फक्त 58.

मानसन्मान आले ते माघारी. अर्जुन पुरस्कार 2000 साली, म्हणजे जाऊन 16 वर्षं झाल्यावर. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक 1996 मध्ये लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवून दिलं, तब्बल 44 वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला पुन्हा वैयक्तिक पदक यायला 2024 उजाडलं. पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्य मिळवलं, तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे. मध्ये 72 वर्षं गेली.

या 72 वर्षांत महाराष्ट्रात ताकदीची मुलं जन्मलीच नाहीत, असं थोडंच आहे?

वर्गात सांगताना

हा पाठ घेताना मी तीन गोष्टी करून बघितल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील.

1. नकाशावर गोळेश्वर, कोल्हापूर, लंडन आणि हेलसिंकी मुलांकडून दाखवून घ्या. अंतर बघून त्यांना खर्चाचा अंदाज येतो.
2. 1952 पासून 1996 आणि 2024 पर्यंत किती वर्षं झाली, ही वजाबाकी मुलांनाच करू द्या. आकडा आला की ती स्वतःच का, असं विचारतात.
3. खाशाबांना कोणी कोणी मदत केली, याची यादी फळ्यावर करा. वडील, वस्ताद, गावकरी, प्राचार्य. मग प्रत्येकाला आपापली यादी लिहू द्या. माझ्या वर्गात एका मुलीने आजीचं नाव लिहिलं, कारण आजी कोळीवाड्यातली कामं आटोपून तिला कबड्डीच्या सरावाला सोडायला येते.

शेवटी थोडं माझ्याविषयी

अभ्यासक्रम मागे पडला की मी पहिल्यांदा खेळाचा तास काढून घ्यायचे. गणित राहिलंय, आज मैदान नाही, असं कितीतरी वेळा सांगितलंय. पालकांनीही कधी तक्रार केली नाही. उलट बरं केलंत बाई, असंच म्हणाले. खर्डेकर सरांविषयी वाचलं त्या रात्री मला याची लाज वाटली. एका शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण टाकलं आणि मी आठवड्यातली 35 मिनिटं सोडायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी उत्तर दिलं. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, की सरांचं घर गेलं असतं तर? मी म्हटलं, त्यांनी तो विचार करूनच दिलं असणार. त्यावर तो काही बोलला नाही.

तेव्हापासून खेळाचा तास मी कशालाही देत नाही. पालकहो, तुमच्या मुलाचं प्रगतिपुस्तक हातात घ्याल तेव्हा गणिताच्या रकान्यानंतर शारीरिक शिक्षणाच्या रकान्याकडेही एकदा बघा आणि त्यावर मुलाशी दोन शब्द बोला. शिक्षक मित्रांनो, येत्या 15 जानेवारीला फोटोला हार घालाल तेव्हा मुलांना खाशाबांबरोबर खर्डेकर सरांचंही नाव सांगा. आणि त्या दिवशी भाषणं लवकर आटोपून मुलांना मैदानावर सोडा.