प्रेक्षकांनी नाकारलेले संगीतकार : दिमित्री शोस्ताकोविच



स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाचं गाणं फसलं, लोक हसले, की ते मूल पुढच्या वर्षी नाव द्यायला तयार होत नाही. अशा मुलांना सांगता येईल असं एक चरित्र आज देत आहे.

रशियाचे थोर संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील अभियंता होते. आई उत्तम पियानो वाजवायची. नवव्या वर्षी तिनेच दिमित्रीला पियानो शिकवायला सुरुवात केली. तेराव्या वर्षी त्याला शहरातल्या नामवंत संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. पण १९२२ मध्ये वडील वारले. घरात आई, दोन बहिणी आणि पैशांची चणचण. त्यातच दिमित्रीला क्षयाने गाठले. तरीही घराला हातभार म्हणून तो चित्रपटगृहात पियानो वाजवायची नोकरी करू लागला.

तो मूकपटांचा काळ होता. आपल्याकडे मूकपटाच्या खेळाला तबला-पेटी वाजायची, तसा तिकडे पियानो. मोठ्या चित्रपटगृहात तर अख्खा वाद्यवृंद बसायचा. पडद्यावर दृश्य बदललं की वादकाने सूर बदलायचे, रोज तासन्‌तास हेच! एकदा स्वीडनमधल्या पाणपक्ष्यांवरचा चित्रपट चालू होता. दिमित्री पियानोवर पक्ष्यांचे आवाज काढण्यात असा रंगला की लोक शिट्ट्या मारू लागले. पियानोवाला पिऊन आलाय, असं त्यांना वाटलं! दिमित्रीला मात्र आपल्या वाजवण्याची दखल घेतली गेली याचाच आनंद झाला, असं सांगतात.

१९२६ मध्ये त्यांची पहिली सिंफनी लेनिनग्राडमध्ये वाजली. ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पुढे ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह आणि लिओनिद त्राउबर्ग या दिग्दर्शकांनी ‘न्यू बॅबिलॉन’ या मूकपटाचे संगीत त्यांच्याकडे सोपवले. १८७१ मधल्या पॅरिसच्या उठावाची ही कथा. पडद्यावर जे दिसतं तेच संगीताने पुन्हा सांगू नये, असा शोस्ताकोविच यांचा आग्रह होता. त्यामुळे गंभीर दृश्याखाली कधी नाचाची चाल वाजायची.

मार्च १९२९ मध्ये चित्रपट लागला आणि सपशेल पडला. कारणं समजून घ्या. चित्रपटाची ऐनवेळी काटछाट झाली होती, त्यामुळे संगीत आणि दृश्य जुळेना. वादकांना दिलेल्या स्वरलिपीत नकलेच्या चुका होत्या. तालमी अपुऱ्या पडल्या. कान न सरावलेल्या प्रेक्षकांनी तक्रार केली, की वाद्यवृंदाचा संचालकच प्यायलेला आहे! थोड्याच दिवसांत ते संगीत बंद झालं आणि स्वरलिपी कपाटात गेली.

शोस्ताकोविच यांनी चित्रपटांशी अबोला धरला नाही. १९३२ मधल्या ‘काउंटरप्लॅन’ चित्रपटातलं त्यांचं गाणं लोकांच्या ओठांवर बसलं. त्यांनी तीसहून अधिक चित्रपटांना संगीत दिलं. त्याच कोझिन्त्सेव्ह यांच्यासोबत त्यांनी ‘हॅम्लेट’ (१९६४) आणि ‘किंग लिअर’ (१९७१) केले. ९ ऑगस्ट १९७५ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर संगीत-संचालक गेनादी रोझदेस्तवेन्स्की यांना ग्रंथालयात ‘न्यू बॅबिलॉन’ची स्वरलिपी सापडली. आज युरोप-अमेरिकेत मोठ्या सभागृहांत हा चित्रपट दाखवतात, समोर वाद्यवृंद तेच संगीत वाजवतो आणि लोक शेवटी टाळ्यांचा कडकडाट करतात. फरक इतकाच, की आता स्वरलिपी तपासलेली असते आणि तालीम पुरेशी झालेली असते.

मला वाटतं, आपल्यासाठी बोध इथेच आहे. मूल मंचावर अडखळलं तर त्याला जमत नाही असा शिक्का मारण्याआधी आपण तालीम किती घेतली, ध्वनिक्षेपक नीट चालत होता का, हे विचारू या. आणि लोक हसले म्हणून त्याचं नाव यादीतून कधीच खोडू नका.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. एखाद्या चित्रफितीचा आवाज बंद करा. तीच चित्रफीत एकदा ढोलकीवर आणि एकदा बासरीवर दाखवा. चित्र तेच होतं, मग मन का बदललं? मुलं काय उत्तर देतात ते वहीत लिहून ठेवा. तुम्हालाही नवल वाटेल, बरं का!