दृष्टिहीन गणिती : विल्यम कर्मॅक

स्कॉटलंडमधील एका पोस्टमनच्या घरी १८९८ साली जन्मलेले विल्यम कर्मॅक ॲबर्डीन विद्यापीठात शिकले. १९२४ साली एडिंबरोच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्यांचे दोन्ही डोळे कायमचे गेले. वय अवघे सव्वीस! तरी त्यांचे काम थांबले नाही. इतरांनी वाचून दाखवावे, त्यांनी मनातल्या मनात गणित सोडवावे. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केलेल्या मॅकेंड्रिक यांच्यासह १९२७ साली त्यांनी साथीच्या रोगांची समीकरणे मांडली आणि मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्युसंख्येशी ती ताडून पाहिली. (प्लेग मुळात उंदरांचा, तरीही आकडे जुळले!) सर्वांना लागण होण्याआधीच साथ ओसरते; कारण लागण होऊ शकणारी माणसे एका मर्यादेपेक्षा कमी उरतात, हे त्यांनी दाखविले. १९४९ साली ते ॲबर्डीनलाच जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९७० साली टेबलाशी काम करीत असतानाच ते वारले.