शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अंगणवाडी म्हटले की पोषण आहार, वजनकाटा आणि लसीकरण आठवते. हा शब्द ज्यांच्या कामातून रुजला, त्या ताराबाई मोडक यांचा ध्यास मात्र बालशिक्षणाचा होता.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. घर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीला शिकू दिले गेले. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे संसार मोडला. लहान मुलीला घेऊन त्यांनी राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयात मुख्याध्यापिकेची नोकरी केली. ती चांगली नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. छडी आणि घोकंपट्टीच्या त्या काळात इथे मूल आपले काम आपण निवडत होते, शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हते. बक्षिसाची सवय लागली की मूल बक्षिसासाठीच शिकते, हे आजही अनेक पालकांच्या लक्षात येत नाही.

१९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढले. पण माँटेसरीची साधने महाग, आणि येणारी मुले शहरातली. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, अनुताई वाघ यांना सोबत घेऊन त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. तिथे दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

आधी आंघोळ, नखे, केस. मग खडे, शिंपले, बिया, पाने. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे मूल हाताने ओळखू लागले. मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या सहा वर्षांत होते. या काळात हाताळणे, निवडणे, जुळवणे आणि मोठ्यांशी बोलणे यांतून मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात, असे आज विज्ञान सांगते. सातपुड्यात त्यासाठी चिंचोके, मोहाच्या बिया आणि पळसाची पाने पुरतात. घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचे प्रश्न त्याच भाषेत ऐकून घेणारे कोणी मात्र हवे.

पुढे कोसबाडला वारली पाड्यांवर नवी अडचण आली. मोठी मुले गुरांमागे, तर मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. यावर गुरे चारणाऱ्यांसाठी माळावरच कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी राहिली. कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवून ताई वर्गात बसू लागली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यात आहार आणि लसीकरणाच्या जोडीला शाळापूर्व शिक्षणही होते, आणि केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी.