मोलकरीण ते खगोलशास्त्रज्ञ : विल्यमिना फ्लेमिंग

थंडीत रात्रीची जेवणं आटोपून अंगणात आलं, की पूर्वेला मृग नक्षत्र दिसतं. त्यातले एका ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, हे आजीने आपल्याला कधीतरी सांगितलेलं असतं. उगवताना या तिघांत जो सगळ्यात खाली असतो, त्याच्याजवळ घोड्याच्या तोंडासारखा एक काळा ढग आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो पहिल्यांदा हेरला एका बाईने, आणि ही बाई काही वर्षं आधी मोलकरीण म्हणून राबत होती!

विल्यमिनाचा जन्म १८५७चा, स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा. ती सात वर्षांची असताना वडील गेले. चौदाव्या वर्षी ती शाळेत मुलांना शिकवू लागली. १८७७मध्ये लग्न झालं, पुढच्या वर्षाअखेर नवऱ्याबरोबर अमेरिकेत बोस्टनला आली. तिथे तिला दिवस गेलेले असताना नवरा सोडून गेला. परका देश, ओळखपाळख नाही. पोटासाठी तिने घरकाम धरलं ते हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी. बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा झाला. त्याला माहेरच्यांच्या हवाली करून १८८१मध्ये ती एकटीच परतली. तेव्हा तिच्या जिवाचं काय झालं असेल, ते आईला वेगळं सांगायला नको.

आता काम होतं वेधशाळेत. आकाशाचे फोटो तेव्हा काचेवर घेत. भिंग लावून त्या काचा तपासायच्या, प्रत्येक ताऱ्याच्या प्रकाशाची पट्टी बघून त्याची प्रतवारी करायची. डोळे फोडणारं काम! १८९०मध्ये दहा हजारांहून जास्त ताऱ्यांची यादी छापली गेली, त्यातली बहुतेक प्रतवारी तिची.

१८८८च्या एका काचेवर तिला तेजाळ पट्ट्यात अर्धगोल काळी खाच दिसली. तोच आपला घोडा. ते नेमकं काय आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज आपण जाणतो, की ती खाच म्हणजे गार वायू आणि बारीक धूळ, इतकी दाट की मागचा उजेड अडतो. अशा ढगांच्या दाट गाभ्यात तापमान उणे २६० अंशांच्या आसपास असतं. वायू इतका गार, की पसरण्याचा जोरच उरत नाही. मग तो आपल्याच वजनाने आत आत कोसळतो. कोसळताना तापत जातो. मधोमध एक कोटी अंशांच्या घरात तापमान पोचलं, की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा पेटतो. याला लाखो, कधी कोट्यवधी वर्षं लागतात. आपला सूर्यही असाच जन्मला, आणि त्या घोड्याच्या बुडाशी आजही तारे घडत आहेत.

पण श्रेयाचं काय? १८९५मध्ये तेजोमेघांची मोठी यादी निघाली. हार्वर्डच्या काचांवरून तिने शोधलेल्या तेजोमेघांपुढे नाव पडलं नुसतं पिकरिंग यांचं. तिला श्रेय मिळायला १९०८ची यादी उजाडावी लागली.

मला तिची १९००ची रोजनिशी फार जवळची वाटते. तिला वर्षाला दीड हजार डॉलर, तर काही पुरुषांना अडीच हजार. साहेबांचं म्हणणं, बाईच्या मानाने पगार चांगलाच आहे. तिला प्रश्न पडे, पुरुषांसारखंच मलाही घर चालवायचंय, हे यांच्या ध्यानात येतं का? दरम्यान मुलगा तिच्याकडे आला होता आणि एमआयटीत शिकत होता. त्याचा खर्च, घरचं बघणं, वर वेधशाळा. ही कसरत आपल्याला नवी आहे का, सांगा!

तरी ती डगमगली नाही. १८९९मध्ये हार्वर्डने तिला फोटोंच्या संग्रहाची अभिरक्षक नेमलं. विद्यापीठाकडून असं पद मिळालेली ती पहिली स्त्री. १९०६मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला मानद सदस्यत्व दिलं. तीनशेहून अधिक रूपविकारी तारे आणि दहा नवतारे तिच्या नावावर आहेत. १९११मध्ये न्यूमोनियाने ती गेली, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी.

२०२४मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने याच घोड्याच्या आयाळीचे अगदी जवळून फोटो घेतले. मुलीला मृगाचा बाण दाखवाल, तेव्हा व्याधाच्या गोष्टीबरोबर विल्यमिनाचीही जरूर सांगा.