सावेदादांचा कॅमेरा

भारतीय चित्रपटाचा विषय निघाला की पहिले नाव ओठांवर येते ते दादासाहेब फाळके यांचे, आणि ते योग्यच आहे. १९१३ साली त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने आपल्याकडे कथापटाचा पाया घातला. परंतु त्याच्या चौदा वर्षे आधी एका मराठी माणसाने याच मुंबईत कॅमेरा रोवला होता. त्याच्यापुढे ना राजा होता, ना राणी. होते ते दोन पैलवान. या माणसाचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सावेदादांचा जन्म १८६८ चा. व्यवसाय छायाचित्रकाराचा, मुंबईत त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. तिकीट होते १ रुपया. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रात डुंबणारी माणसे असे ते मिनिटभराचे खेळ होते. चित्रांना आवाज नव्हता, कथाही नव्हती. तरी लोक थक्क झाले. पण आगगाडी फ्रान्सची, कामगारही तिथलेच. प्रेक्षक कौतुक करून घरी गेले. सावेदादा मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत.

त्यांनी इंग्लंडमधील रायली ब्रदर्स या कंपनीकडून २१ गिनींना कॅमेरा मागविला. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ३३० रुपये होते. एका अनोळखी यंत्रासाठी एवढे पैसे घालणे म्हणजे जुगारच! त्या काळी कॅमेरा तिपाईवर ठेवून त्याची मूठ हाताने एकसारख्या गतीने फिरवावी लागे. प्रकाश हवा तर सूर्याचाच. चित्रीकरण झाल्यावरही फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. आपण काय टिपले आहे, हे कळण्यासाठी बोटीची वाट पाहणे आले.

१८९९ साली मलबार हिलवरील हँगिंग गार्डन येथे पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती झाली. सावेदादांनी ती टिपली. भारतीय माणसाने आपल्या देशात केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांत तिची गणना होते. त्यांच्या दुसऱ्या चित्रणात माकडांना खेळ शिकविणारा माणूस होता. १९०१ मध्ये त्यांनी पारशी समाजाच्या आतश बेहराम या अग्निमंदिराच्या जीर्णोद्धाराचे चित्रण केले. आखाडा, माकडवाला, शेजारच्या समाजाचे देऊळ! ज्यांच्यावरून मुंबईकर रोज ये-जा करीत होते, तेच सावेदादांनी पडद्यावर नेण्याच्या योग्यतेचे मानले. मला त्यांचे खरे मोठेपण इथे दिसते.

डिसेंबर १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा गणितात सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुंबईत त्यांचे स्वागत झाले आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तेथे हजर राहिले. भारतातील पहिला वार्तापट म्हणून त्या चित्रणाचा उल्लेख होतो. म्हणजे आपल्या पहिल्या वार्तापटाचा नायक कोणी संस्थानिक नव्हता, एक विद्यार्थी होता! ज्याच्या घरातून कॉलेजची पायरी आजवर कोणी चढले नव्हते, त्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

१९०३ च्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रण केले. पुढे मात्र त्यांनी चित्रनिर्मिती सोडली आणि मुंबईच्या गेइटी थिएटरची व्यवस्था पाहू लागले. हेच थिएटर नंतर कॅपिटॉल म्हणून प्रसिद्ध झाले. स्वतः चित्रे काढणारा माणूस आता इतरांची चित्रे लोकांना दाखवू लागला. १९५८ साली त्यांचे निधन झाले. मूकपट मागे पडून बोलपटाला तोवर सत्तावीस वर्षे झाली होती.

त्यांची ती चित्रणे आज आपल्याला पाहायला मिळत नाहीत. पुंडलिक दादांनी कोणता डाव टाकला, स्वागताच्या गर्दीत कोणाच्या डोक्यावर पगडी होती नि कोणाच्या टोपी, हे आता कोणी दाखवू शकत नाही. मूकपटाला स्वतःचा आवाज नसतो. जे असेल ते डोळ्यांनीच सांगावे लागते, आणि फिल्म गेली की ते सांगणेही संपते.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. लंडनची बोट नाही, गिनींचा हिशेब नाही. तरीही आपल्या गावचा आखाडा, आठवडी बाजार, नदीवरचा घाट यांच्यासमोर पाच मिनिटे स्थिर उभे राहून पाहणारे किती? परदेशी आगगाडी पाहून सावेदादांना आपला आखाडा आठवला. तो आखाडा टिपायला दुसरे कोणी येणार नव्हते. आपल्या गावचा घाट टिपायलाही बाहेरून कोणी येणार नाही.