पुराव्यांची बेरीज मागणारा डॉक्टर

एकाच औषधावर दहा ठिकाणी संशोधन झाले. चार ठिकाणी गुण दिसला, सहा ठिकाणी निष्कर्ष धूसर राहिला. आता रुग्णाला ते औषध द्यायचे की नाही? हा पेच सोडवण्याची आज एक ठरलेली पद्धत आहे. तिला पद्धतशीर आढावा किंवा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. ही पद्धत कोणा एकाने शोधून काढलेली नाही. मात्र तिच्यावाचून डॉक्टर अंधारात चाचपडत आहेत, हे वैद्यकविश्वाला ठणकावून सांगितले ते डॉ. आर्ची कॉक्रन यांनी.

कॉक्रन यांचा जन्म 12 जानेवारी 1909 रोजी स्कॉटलंडमधील गॅलाशील्स या गावी झाला. घराण्याचा लोकरी कापडाचा व्यवसाय असल्यामुळे घरी सुबत्ता होती. वडील मात्र पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये मारले गेले. केंब्रिजमध्ये विज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर तरुण कॉक्रन मनोविश्लेषणाचे उपचार घेण्यासाठी बर्लिन, व्हिएन्ना आणि हेग येथे राहिले. तेथे सिद्धांत भरपूर होते, पण ते पारखून पाहण्याची कोणाला फारशी निकड वाटत नव्हती. पुराव्याविना केलेल्या दाव्यांबद्दलचा त्यांचा संशय तिथेच बळावला.

1934 मध्ये त्यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले. ते मध्येच थांबवून 1936 मध्ये ते स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय पथकाबरोबर गेले. याच काळात ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेची मागणी जोर धरत होती. तिच्यासाठी निघालेल्या एका मोर्चात जे उपचार खरोखर परिणामकारक आहेत ते सर्वांना मोफत मिळावेत, अशा आशयाचा फलक घेऊन ते चालले. त्यातील ‘परिणामकारक’ या शब्दावर त्यांचे पुढचे सारे आयुष्य बेतलेले होते.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्करात डॉक्टर होते. 1941 मध्ये क्रीट बेटावर जर्मनांनी त्यांना पकडले आणि ग्रीसमधील सालोनिकाच्या छावणीत हजारो युद्धकैद्यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. अन्न अपुरे होते, औषधे जवळपास नव्हतीच. कैद्यांचे पाय सुजू लागले. खुद्द कॉक्रन यांच्या पायांवरही सूज आली. आहारात ‘ब’ जीवनसत्त्व कमी पडत असावे, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी वीस रुग्ण निवडून दोन खोल्यांत विभागले. एका गटाला कसेबसे मिळवलेले यीस्ट दिले, दुसऱ्याला ‘क’ जीवनसत्त्व. चौथ्या दिवशी यीस्टवाल्या गटात फरक दिसू लागला. हे आकडे त्यांनी जर्मन अधिकाऱ्यांपुढे मांडले आणि छावणीला यीस्टचा पुरवठा झाला. पुढे कॉक्रन यांनी स्वतःच ही चाचणी शास्त्रीय कसोटीवर कच्ची ठरवली. रुग्ण मोजके होते, दिवस थोडे होते आणि मूळ अंदाजही बहुधा चुकीचा होता. तरीही साध्या तुलनेचे बळ त्यांनी तिथे अनुभवले.

नंतर जर्मनीतील एल्स्टरहोर्स्टच्या छावणीत त्यांच्याकडे क्षयाचे रुग्ण सोपवले गेले. त्या काळी छातीत हवा भरून फुप्फुस दाबून ठेवणे, बरगड्या कापणे किंवा नुसती विश्रांती असे पर्याय होते. त्यांपैकी काय निवडावे हे ठरवण्याची कॉक्रन यांना मोकळीक होती, पण कशाने रुग्ण वाचतो आणि कशाने मृत्यू लवकर ओढवतो हे सांगणारा पुरावा नव्हता. आपल्या उपचारांनी काही जणांचे आयुष्य कमी तर झाले नसेल ना, ही बोच त्यांच्या मनात कायम राहिली.

युद्धानंतर लंडनमध्ये त्यांना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे संख्याशास्त्र शिकायला मिळाले. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगावर सोपवायचे, हे यादृच्छिक चाचणीचे तत्त्व होते. त्यामुळे दोन्ही गट सारखे राहतात आणि तुलना न्याय्य होते. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. छावणीत जे हवे होते ते साधन कॉक्रन यांना आता सापडले.

त्याच वर्षी ते वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांवर काम करू लागले. ऱ्होंडा फाख खोऱ्यातील सुमारे 90 टक्के लोकांचे क्ष-किरण चित्र त्यांच्या पथकाने काढले. जे तपासणीला येत नाहीत त्यांच्यातच आजार जास्त असू शकतो, म्हणून ते घरोघर पाठपुरावा करत. माहितीतून कोणी गळता कामा नये, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली.

तज्ज्ञांचे पूर्वग्रह किती घट्ट असतात याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयातील विशेष कक्ष बरा की घरी उपचार, अशी चाचणी सुरू होती. सुरुवातीच्या आकड्यांत रुग्णालयात मृत्यू किंचित अधिक होते, पण फरक निर्णायक नव्हता. कॉक्रन यांनी मुद्दाम उलटे आकडे समितीपुढे ठेवले. घरी मृत्यू जास्त आहेत असे दिसताच हृदयरोगतज्ज्ञ भडकले. चाचणी अनैतिक आहे, ती ताबडतोब थांबवा, असा आग्रह त्यांनी धरला. मग कॉक्रन यांनी खरे आकडे पुढे केले आणि आता विशेष कक्ष बंद करायचे का, असे विचारले. समितीत शांतता पसरली.

1972 मध्ये त्यांचे ‘इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी’ हे छोटेखानी पुस्तक आले. आरोग्यसेवेचा पैसा मर्यादित असतो, तो सिद्ध झालेल्या उपचारांवर आधी खर्चावा, हे त्याचे सार होते. पण सिद्ध झाले हे ठरवायचे कसे? कॉक्रन यांच्या कार्डिफमधील पथकाने झटका येऊन गेलेल्या 1239 पुरुषांवर अॅस्पिरिनची चाचणी केली. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मृत्यू कमी झाल्याचे दिसले, मात्र ते ठामपणे सांगण्याइतका आकडा मोठा नव्हता. पुढे इतर ठिकाणच्या चाचण्या जोडल्या गेल्या. 1988 मध्ये अशा 25 चाचण्यांतील सुमारे 29,000 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा फायदा स्पष्ट झाला.

ही बेरीज कोणीतरी नेमाने करायला हवी होती. प्रत्येक शाखेतील सर्व यादृच्छिक चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा तयार ठेवून तो वेळोवेळी अद्ययावत करण्याची व्यवस्था वैद्यकाकडे नाही, अशी टीका कॉक्रन यांनी 1979 च्या निबंधात केली. पुराव्याकडे दुर्लक्ष करण्यात त्यांनी प्रसूतिशास्त्राला सर्वात खालचा क्रमांक दिला.

ती टीका डॉ. इयन चाल्मर्स यांनी मनावर घेतली. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या गटाने गर्भारपण आणि प्रसूतीवरील चाचण्या गोळा केल्या. अप्रकाशित चाचण्याही सुटू नयेत म्हणून 40,000हून अधिक डॉक्टरांना पत्रे पाठवली, कारण अपयशी ठरलेले संशोधन बहुधा टेबलाच्या खणातच पडून राहते. पद्धतशीर आढाव्याच्या पायऱ्या आजही याच आहेत. प्रश्न आधी नेमका ठरवायचा. कोणते संशोधन घ्यायचे, कोणते वगळायचे याचे नियम शोध सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवायचे. प्रकाशित-अप्रकाशित सारे शोधायचे. दोघांनी स्वतंत्रपणे निवड आणि दर्जा तपासायचा, शक्य असेल तेथे आकडे एकत्र करायचे आणि नवे संशोधन आले की आढावा पुन्हा करायचा. सोयीचे तेवढे उचलण्याची वाट अशी बंद होते.

ही बेरीज न केल्याची किंमत नवजात बाळांनी मोजली. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला स्टेरॉइडची स्वस्त इंजेक्शने दिल्यास बाळाचे फुप्फुस लवकर तयार होते, हे दाखवणारी न्यूझीलंडमधील चाचणी 1972 मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुढच्या काळात आणखी चाचण्या झाल्या, तरी त्या सुट्या-सुट्याच वाचल्या गेल्या. 1989 मध्ये त्यांचा पद्धतशीर आढावा आला. या उपचाराने बाळांच्या मृत्यूचा धोका 30 ते 50 टक्क्यांनी घटतो, हे दिसले. मधल्या काळात हजारो बाळे हकनाक दगावली होती.

हा आढावा पाहायला कॉक्रन नव्हते. 18 जून 1988 रोजी त्यांचे निधन झाले. 1992 मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या नावाचे केंद्र उघडले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉक्रन संस्था उभी राहिली. स्टेरॉइडच्या चाचण्यांचा आलेख हेच तिचे बोधचिन्ह आहे. 2007 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तिचे आढाव्यांचे ग्रंथालय देशभरातील वाचकांना खुले केले.

एखाद्या उपचाराने चमत्कार केल्याची बातमी वाचली की हे एकच संशोधन आहे, की आजवरच्या सगळ्यांची बेरीज, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. कॉक्रन आयुष्यभर हेच विचारत राहिले.